चारशेवीस मतांची पेटी : जॉर्जिया, १९६२

सिनेट म्हटले की आपल्याकडे विद्यापीठाची सिनेट आठवते. पदवीधरांची नोंदणी, पॅनेल, कोर्टकज्जे, पुढे ढकललेल्या निवडणुका. अमेरिकेतली सिनेट म्हटली की वॉशिंग्टनची, दर राज्याला दोन जागा असलेली. मला सांगायचे आहे ते या दोन्हींबद्दल नाही. अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात, एक नेब्रास्का सोडले तर, आपली स्वतःची दोन सभागृहे आहेत आणि त्यातल्या वरच्या सभागृहाला राज्याची सिनेट म्हणतात. आपल्या विधान परिषदेची चुलत बहीण समजा. फरक एवढाच की तिथले सिनेटर थेट जनतेच्या मतांवर येतात. आपल्या परिषदेत ७८ पैकी ७ जागा शिक्षकांच्या मतदारसंघांच्या. त्या मतदानाला आमच्या उर्दू शाळेतले सगळे मास्तर-बाई ठरवून जातात, आणि तरीही त्या जागेचा आपल्याला नेमका उपयोग काय, यावर स्टाफरूममध्ये दर वेळी वाद होतो. वरच्या सभागृहाच्या निवडणुका दुय्यम असतात असा एक समज आहे. जॉर्जिया राज्यातली १९६२ सालची सिनेटची निवडणूक वाचल्यावर माझा तो समज राहिला नाही.

जिमी कार्टर हे नाव उर्दू अखबार वाचणाऱ्या घरांत परके नाही. कॅम्प डेव्हिडचा करार, इराणमधले ओलीस, नंतर पॅलेस्टाइनवरचे त्यांचे पुस्तक आणि त्यावरून त्यांच्याच देशात उठलेले वादळ. पण १९६२ मध्ये ते प्लेन्स नावाच्या खेड्यातले भुईमुगाचे व्यापारी होते. नौदलातली पाणबुडीवरची नोकरी वडिलांच्या मृत्यूनंतर सोडून गावी परतलेले, तालुक्याच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या राजकारणाचा पहिला धडा ही निवडणूक. पण ही कहाणी एकट्या कार्टरांची नाही. त्याच दिवशी राज्यात सिनेटच्या ५४ जागांसाठी मतदान होत होते आणि प्रत्येक मतदारसंघाच्या निकालाआड वेगळीच गोष्ट होती. मी त्यातले दोनच मतदारसंघ घेणार आहे. चौदावा आणि अडतिसावा.

आधी मागचे थोडे सांगावे लागेल, नाहीतर १९६२ चे महत्त्व कळणार नाही.

जॉर्जियात १५९ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका, काही तर आकाराने त्याहून लहान. त्या काळी राज्यात एकाच पक्षाचे, डेमोक्रॅटिक पक्षाचे राज्य होते. त्यामुळे पक्षांतर्गत उमेदवारनिवडीची जी प्राथमिक निवडणूक असते तीच खरी निवडणूक. आणि तिथे मतमोजणीची एक अजब रीत होती. तिला ‘काउंटी युनिट’ म्हणत. १९१७ सालच्या कायद्याने ती पक्की केली होती. सर्वांत मोठ्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६ युनिट, पुढच्या ३० काउंट्यांना प्रत्येकी ४, आणि उरलेल्या १२१ काउंट्यांना प्रत्येकी २. एकूण ४१०. ज्या उमेदवाराला एखाद्या काउंटीत सर्वाधिक मते, त्या काउंटीचे सगळे युनिट त्याचे.

आता १९६० च्या जनगणनेचे आकडे घ्या. अटलांटा शहर ज्या फुल्टन काउंटीत येते तिची लोकसंख्या ५,५६,३२६. युनिट ६. एकोल्स नावाची सर्वांत छोटी काउंटी, लोकसंख्या १,८७६. युनिट २. म्हणजे एकोल्समध्ये ९३८ माणसांमागे एक युनिट आणि अटलांट्यात ९२,७२१ माणसांमागे एक. एकोल्सच्या माणसाचे मत अटलांट्याच्या माणसाच्या जवळजवळ शंभरपट. सातवीतल्या मुलांना गुणोत्तर-प्रमाण शिकवताना हे उदाहरण फळ्यावर मांडावे, इतके स्वच्छ. त्या १२१ छोट्या काउंट्यांत राज्याची जेमतेम एक तृतीयांश वस्ती होती, पण युनिट २४२, म्हणजे निम्म्याहून किती तरी जास्त.

ही रीत कोणाच्या सोयीची होती ते १९४६ मध्ये उघड दिसले. गव्हर्नरपदाच्या त्या प्राथमिक निवडणुकीत जेम्स कारमायकल यांना ३ लाख १३ हजारांवर मते पडली. यूजीन टॅलमॅज यांना ३ लाखांहून कमी. निवडून आले टॅलमॅज. हे गृहस्थ वर्णभेदाचे उघड पुरस्कर्ते. ट्राम धावते अशी एकही काउंटी मला नको, असे ते म्हणत असल्याचे सांगतात. त्यांना तिची गरजच नव्हती. आणि १९४६ हे साल मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. गोऱ्यांपुरती राखीव असलेली प्राथमिक निवडणूक नुकतीच न्यायालयांनी मोडीत काढली होती आणि त्या वर्षी कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने प्रथमच तिथे मतदान करत होते. त्यांच्यातले पुष्कळ शहरांत राहत होते. मत देण्याचा हक्क मिळाला तेव्हा त्या मताचे वजन आधीच काढून घेतलेले होते.

गंमत अशी की याच जॉर्जियाने १९४३ मध्ये, अमेरिकेत सर्वांत आधी, मतदानाचे वय १८ वर आणले आणि १९४५ मध्ये मतदानासाठी भरावा लागणारा कर रद्द केला. कागदावर पुढारलेले राज्य.

सिनेटची तऱ्हा तर याहून वेगळी. मतदारसंघ ५४ च, पण बहुतेक मतदारसंघ तीन-तीन काउंट्यांचे, आणि सिनेटर पाळीपाळीने. या खेपेला या काउंटीचा, पुढच्या खेपेला त्या काउंटीचा. दोन वर्षांची मुदत संपली की घरी. त्यामुळे सिनेटमध्ये कोणाचा जम बसत नसे आणि खरी सत्ता खालच्या सभागृहातल्या मुरलेल्या मंडळींकडे आणि काउंटीतल्या त्यांच्या दादांकडे राही. साडेपाच लाखांच्या फुल्टनला ५४ पैकी एक सिनेटर. आपल्याकडे सरपंचपदाचे वाटे अडीच-अडीच वर्षांसाठी आपसांत ठरवून घेतात, तशातलाच प्रकार म्हणा. फक्त इथे तो राज्यघटनेत लिहिलेला होता.

२६ मार्च १९६२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याच्या एका खटल्यात निकाल दिला, बेकर विरुद्ध कार. टेनेसीने १९०१ पासून मतदारसंघ बदललेच नव्हते. मतदारसंघांच्या आखणीतला अन्याय हा न्यायालयाने ऐकण्याजोगा प्रश्न आहे, एवढेच त्या निकालाने म्हटले. पण त्या एवढ्याशा वाक्याने बांध फुटला. जॉर्जियात लगोलग दोन खटले उभे राहिले. एप्रिलमध्ये संघराज्याच्या न्यायालयाने काउंटी युनिटची रीत त्या रूपात बेकायदा ठरवली. मे महिन्यात दुसऱ्या खटल्यात सांगितले की कायदेमंडळाचे निदान एक सभागृह तरी लोकसंख्येच्या प्रमाणात असलेच पाहिजे. खालच्या सभागृहातल्या मंडळींनी आपल्या खुर्च्या वाचवल्या आणि सिनेटचा बळी दिला. गव्हर्नर व्हँडिव्हर यांनी सप्टेंबरअखेर खास अधिवेशन बोलावले आणि ५४ मतदारसंघ नव्याने आखले. ३३ मतदारसंघ एक ते आठ काउंट्या मिळून झाले, आणि २१ मतदारसंघ सर्वांत दाट वस्तीच्या सात काउंट्यांत वाटले गेले. फुल्टनच्या वाट्याला एकाच्या जागी सात आले.

प्राथमिक निवडणूक ठरली १६ ऑक्टोबरला. म्हणजे रेषा आखल्यावर हातात दोन आठवडेही धड नाहीत. १ ऑक्टोबर हा कार्टरांचा वाढदिवस. त्या दिवशी ते अडतीस वर्षांचे झाले. सकाळी उठून त्यांनी नेहमीच्या कामाच्या कपड्यांऐवजी ठेवणीतली विजार चढवली, तेव्हा पत्नी रोझलिन यांनी विचारले, कोणाच्या मय्यतीला निघालात का? ते निघाले होते अमेरिकसला, उमेदवारी जाहीर करायला. पत्नीला विचारले नव्हते. पुढे त्यांनी स्वतःच हे कबूल केले आहे.

चौदावा मतदारसंघ सात काउंट्यांचा झाला. समटर, वेबस्टर, स्टुअर्ट, क्विटमन, रँडॉल्फ, टेरेल आणि चॅटाहूची. लोकसंख्या पाऊण लाखाच्या जवळपास. समोर होते रिचलँड गावचे होमर मूर. तेही व्यापारी, तेही भुईमूग खरेदी करणारे, आणि जुन्या आखणीप्रमाणे झालेल्या निवडीत ते आधीच जिंकलेले. आखणी बदलली म्हणून त्यांना पुन्हा लढावे लागले. मूर यांच्याबद्दल मला थोडी सहानुभूती आहे. पुढे जे घडले ते त्यांनी स्वतः केले असे कोणी म्हटलेले नाही. त्यांच्या नावावर दुसऱ्यानेच केले.

तो दुसरा म्हणजे ज्यो हर्स्ट. क्विटमन काउंटी, मुख्य गाव जॉर्जटाउन, चॅटाहूची नदीच्या काठावर. नदीपलीकडे अलाबामा. काउंटीची सगळी वस्ती २,४३२. हर्स्ट हा तिथला आमदार, पक्षाचा अध्यक्ष आणि वर राज्याच्या शेती खात्यातला नोकरही. सरकारी मदतीचे वाटप त्याच्या पत्नीच्या हाती. दोन हजार वस्तीच्या गावात ज्याच्या घरातून मदतीचे चेक निघतात, त्याला प्रचारसभा घ्यावी लागत नाही.

मतदानाच्या दिवशी कार्टरांचे मित्र जॉन पोप जॉर्जटाउनच्या कचेरीत नजर ठेवायला गेले. मतदानासाठी आडोसाच नव्हता. लोक उघड्या काउंटरवर मतपत्रिका भरत होते आणि हर्स्ट शेजारी उभा राहून मूर यांचे नाव दाखवत होता. कोणी कार्टरांना मत दिले तर ती मतपत्रिका बाहेर काढायलाही त्याला कोणाची भीती नव्हती. पोप यांनी हरकत घेतली, कार्टरांना बोलावून घेतले. कार्टर आले, अटलांट्याच्या एका वर्तमानपत्राला फोन केला. गाव आपल्या चालीने चालत राहिले.

रात्री इतर काउंट्यांचे आकडे आले तेव्हा कार्टर पुढे होते. शेवटी क्विटमनचा आकडा आला आणि मूर १३९ मतांनी जिंकले.

जॉर्जटाउनमध्ये त्या दिवशी मतदान केले होते ३३३ जणांनी. पेटीत मतपत्रिका होत्या ४२०.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आवरले नाही. आपल्या दंडसंहितेचे जुने कलम, राज कपूरचा सिनेमा, गल्लीतली शिवी, सगळे एकदम समोर आले. जॉर्जटाउनच्या लोकांना या आकड्यातली गंमत ठाऊक असायचे काही कारण नव्हते. आपल्याला ती सांगावी लागत नाही.

निवडणुकीचे काम केलेल्या कोणाही मास्तरला या दोन आकड्यांतले अंतर पोटात गोळा आणील. आमच्याकडे केंद्राध्यक्षाला दिवसभर एकाच गोष्टीची धास्ती असते, १७-अ ची नोंदवही आणि यंत्रावरचा एकूण आकडा जुळेल ना. सही किंवा अंगठा घेतलेला मतदार बटण न दाबता निघून गेला तर तेवढ्यासाठी शेरा लिहावा लागतो. संध्याकाळी यंत्र बंद करून १७-क चा हिशेब भरताना एक-दोन मतांचा फरक आला तरी पहिल्या नंबरच्या मतदान अधिकाऱ्याचा चेहरा उतरतो. इथे ८७ चा फरक होता आणि कोणाचा चेहरा उतरला नव्हता.

कार्टरांनी निकालाला आव्हान दिले. हर्स्टच्या वाटेला जाऊ नका, असे सांगणारे पुष्कळ भेटले. अमेरिकसचे वकील वॉरन फोर्टसन आणि अटलांट्याचे चार्ल्स किर्बो त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण माझ्या मते खरे काम एका बातमीदाराने केले, ‘अटलांटा जर्नल’चे जॉन पेनिंग्टन. ते जॉर्जटाउनला जाऊन राहिले, मतदारयादी हातात घेऊन घरोघर फिरले. यादीत मत दिलेले म्हणून नोंदवलेल्यांत मेलेले होते, तुरुंगात असलेले होते, कधीच गाव सोडून गेलेले होते. आणि ११७ मतदार असे होते ज्यांनी, नोंदीप्रमाणे, वर्णानुक्रमाने मत दिले होते. ए पासून सुरू, एकामागोमाग एक.

गेली वीस वर्षे मी रोज सकाळी हजेरी घेतो. हजेरीपटावर मुले अलिफपासून येपर्यंत ओळीत बसलेली असतात. वर्गात ती तशी कधीही येत नाहीत. घाईत खोटे लिहिणाऱ्याच्या हातून नेमकी ही चूक होते, समोरची यादी तो तशीच उतरवतो. हर्स्टच्या माणसांना क्रम बदलायचीही गरज वाटली नाही, कारण आजवर त्या वहीत कोणी डोकावलेच नव्हते.

न्यायाधीश कार्ल क्रो यांच्यापुढे जॉर्जटाउनच्या कोर्टातच सुनावणी झाली. पेटी आणली गेली. आत मतदारांची यादी नव्हती, मतपत्रिकांची स्थळप्रत नव्हती. शंभराच्या आसपास मतपत्रिका एकत्र गुंडाळलेल्या निघाल्या. पेटीच्या फटीतून एक-एक मतपत्रिका टाकली तर आत अशी वळकटी तयार होत नाही. हे समजायला वकील लागत नाही. क्रो यांनी जॉर्जटाउनची सगळी मते बाद केली, आणि ती वगळताच कार्टर पुढे गेले. तारीख होती २ नोव्हेंबर. सार्वत्रिक मतदान ६ नोव्हेंबरला.

पुढचे चार दिवस म्हणजे नुसती धावपळ. पक्षाच्या अध्यक्षांना गाठून कार्टरांचे नाव उमेदवार म्हणून चढवले, मूर पुन्हा न्यायालयात गेले, आणि मतदानाच्या आदल्या रात्री आदेश झाला की या जागेसाठी मतपत्रिकेवर कोणाचेच नाव असू नये, मतदाराने आपल्या हाताने नाव लिहावे. रात्रीतून सात काउंट्यांत छापील नावांवर काट मारण्याचे काम चालले. एवढ्या गोंधळानंतर निकाल लागला तो असा. कार्टर ३,०१३, मूर २,१८२. हर्स्टला पुढे मतांच्या घोटाळ्यात आणि चोरट्या दारूच्या प्रकरणात शिक्षा झाली.

कार्टरांनी तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, या निवडणुकीवर आख्खे पुस्तक लिहिले, ‘टर्निंग पॉइंट’. बहुतेक लोक ही कहाणी इथेच थांबवतात. प्रामाणिक माणूस, गावगुंड, धाडसी बातमीदार, न्यायी न्यायाधीश. मला ते पुरेसे वाटत नाही. आकडे आहेत, तर त्यांची बेरीज करून पाहू.

३,०१३ अधिक २,१८२ म्हणजे ५,१९५. मतदारसंघाची वस्ती पाऊण लाख. शंभर माणसांमागे सात मते. मुले वजा करा, चॅटाहूची काउंटीतली लष्करी छावणी वजा करा, निवडणुकीबद्दलची उदासीनता वजा करा, तरीही आकडा बसत नाही. या सातांतल्या बहुतेक काउंट्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते. मतदारयादीत ते नावापुरते होते.

टेरेल काउंटीचेच पाहा. १९५७ च्या नागरी हक्क कायद्याखाली संघराज्य सरकारने मतदारनोंदणीबद्दलचा जो पहिला खटला भरला तो याच काउंटीच्या अधिकाऱ्यांवर, १९५८ मध्ये. कृष्णवर्णीय अर्जदारांना वाचनाची परीक्षा देऊन नापास केले जात होते, आणि नापास झालेल्यांत शाळेतले शिक्षक होते. पदवीधर शिक्षक, मुलांना वाचायला शिकवून पगार घेणारे. त्यांना वाचता येत नाही, असा शेरा मारणाऱ्या कारकुनाकडे कोणती पदवी होती कोण जाणे. मी बी.एड. झालो तेव्हा वाचनकौशल्याच्या मूल्यमापनावर वीस गुणांचा प्रश्न होता. त्या उत्तरात हे उदाहरण मी लिहायला हवे होते. कार्टर उमेदवारी जाहीर करायच्या जेमतेम तीन आठवडे आधी, सप्टेंबर १९६२ मध्ये, टेरेल काउंटीतली सॅसर गावाजवळची दोन चर्चे जाळली गेली. गुन्हा एवढाच की तिथे कृष्णवर्णीयांच्या मतदारनोंदणीसाठी सभा होत. अध्यक्ष केनेडींनी पत्रकार परिषदेत त्याचा निषेध केला.

ही राख आणि ती पेटी एकाच मतदारसंघातली. पेटीची तपासणी तीन आठवड्यांत उरकली, कारण ज्याचे मत चोरीला गेले तो गोरा व्यापारी होता आणि त्याला अटलांट्याचा वकील परवडत होता. ज्यांची नावे यादीतच नव्हती त्यांचे मत चोरीला गेले असे कोणी म्हणू शकत नव्हते. पेटीत आधी काही पडावे लागते, मग चोरी.

कार्टरांवर हा आरोप नाही. गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’मध्ये जायला त्यांनी नकार दिला होता आणि धंद्यावर त्याचा परिणामही सोसला होता. सिनेटमधले आपले पहिले भाषण कृष्णवर्णीय मतदारांना विचारल्या जाणाऱ्या तीस प्रश्नांच्या परीक्षेविरुद्ध होते, असे त्यांनी सांगितले आहे. पण त्या १५ दिवसांच्या प्रचारात त्यांनी हा विषय काढला नाही, काढला असता तर निवडून आले नसते. हेही तितकेच खरे आहे. सिनेटमधल्या निवडणूक सुधारणेच्या चर्चेचा एक किस्सा ते पुढे रंगवून सांगत. कोणी तरी उपसूचना आणली होती की मरून तीन वर्षे उलटलेल्या माणसाला जॉर्जियात मतदान करता येऊ नये. म्हणजे ताज्या मयतांना सवलत.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आपल्याकडे महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची विधानसभेची पहिली निवडणूक झाली होती. त्यात मतदान करणाऱ्या असंख्य बायाबापड्यांना अक्षरओळख नव्हती आणि कोणी त्यांची परीक्षा घेतली नाही. मतदारयादीच्या कामाला दारोदार फिरताना मी आमच्या मोहल्ल्यात ‘खातून’ची ‘खाटून’ आणि ‘शेख’चा ‘शेष’ झालेला पाहिला आहे, कंटाळलो आहे, चिडलो आहे. तरीही वाचून दाखव, मग नाव घालतो, असे म्हणण्याची मुभा आपल्या घटनेने कोणाला ठेवली नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

आता अडतिसावा मतदारसंघ. अटलांटा शहरातला, नव्या रेषांनी जन्मलेल्या फुल्टनच्या सात जागांतला एक. इथून निवडून आले लेरॉय जॉन्सन. मोअरहाउस कॉलेजचे पदवीधर, आधी शाळेत शिक्षक, मग वकील. १९०७ नंतर जॉर्जियाच्या कायदेमंडळात आलेले ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य. सार्वत्रिक निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने त्यांच्यासमोर उभे केलेले टी. एम. अलेक्झांडर हेही कृष्णवर्णीयच. म्हणजे चौदाव्यात जे मतदानाच्या यादीत सापडत नव्हते, तेच अडतिसाव्यात दोन्ही बाजूंनी उमेदवार होते. दोन मतदारसंघ, एकच कायदा, एकच तारीख. मधल्या अंतराचे कारण एवढेच की अटलांट्यात कृष्णवर्णीयांची नोंदणी वर्षानुवर्षे चिकाटीने झालेली होती. त्यांच्या नावे मते होती, त्यांना फक्त वजन नव्हते. रेषा बदलल्या आणि वजन आले. टेरेलमध्ये रेषा बदलून काय होणार? तिथे बदलायला हवी होती वही, आणि त्यासाठी १९६५ चा मतदान हक्क कायदा यावा लागला.

कायदेमंडळातल्या जुन्या मंडळींनी नव्या कायद्यात एक मेख मारून ठेवली होतीच. एकाहून जास्त मतदारसंघ असलेल्या काउंट्यांत प्रत्येक सिनेटर फक्त आपल्या मतदारसंघाच्या नव्हे, तर आख्ख्या काउंटीच्या मतांवर निवडावा. म्हणजे एखाद्या मतदारसंघात अल्पसंख्याक समाज एकगठ्ठा असला तरी काउंटीच्या बेरजेत तो विरघळून जावा. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६५ मध्ये न्यायालयाने ती तरतूद त्या वेळेपुरती वैध ठरवली. मोठ्या पात्रात छोटा समाज कसा विरघळतो, हे ज्यांनी आपल्याकडच्या बहुसदस्यीय प्रभागांच्या निवडणुका पाहिल्या आहेत त्यांना अधिक समजावून सांगायला नको.

१४ जानेवारी १९६३ रोजी नवी सिनेट भरली. कार्टर आणि जॉन्सन एकाच सभागृहात बसले. त्याच दिवशी नदीपलीकडे अलाबामात जॉर्ज वॉलेस गव्हर्नरपदाची शपथ घेऊन वर्णभेद कायमचा टिकवण्याची गर्जना करत होते. दोन महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने काउंटी युनिटवर शेवटचा शिक्का मारला. त्या खटल्यात सरकारतर्फे स्वतः ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी उभे राहिले होते, आणि एक माणूस एक मत हे सूत्र त्याच निकालपत्रात आले.

कार्टरांच्या आई लिलियन १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून आपल्या विक्रोळीत आल्या. गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात परिचारिकेचे काम करत जवळपास दोन वर्षे राहिल्या, तिथून घरी पत्रे लिहीत राहिल्या. मुलगा त्या वर्षी गव्हर्नरपदाची पहिली निवडणूक हरला होता. जिंकले लेस्टर मॅडॉक्स. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना आपल्या हॉटेलात पाऊल टाकू न देण्यासाठी हातात कुऱ्हाडीचे दांडे घेऊन उभे राहिलेले तेच मॅडॉक्स.

आणि लेरॉय जॉन्सन? त्यांचे नाव आपल्या पिढीने वेगळ्या कारणाने ऐकायला हवे होते. मुहम्मद अलींनी व्हिएतनामच्या लढाईत जायला नकार दिल्यावर १९६७ मध्ये त्यांचा किताब आणि परवाना गेला. साडेतीन वर्षे कोणत्याही राज्याने त्यांना रिंगणात उतरू दिले नाही. जॉर्जियात मुष्टियुद्धाचे राज्यपातळीवरचे मंडळच नव्हते, परवाना शहराच्या हाती होता. ही फट ज्यांना दिसली त्यांत सिनेटर जॉन्सन होते. अटलांट्याच्या राजकारणात आठ वर्षांत कमावलेले वजन त्यांनी त्यासाठी खर्च केले, महापौर सॅम मॅसेल यांना राजी केले. गव्हर्नर मॅडॉक्स यांनी त्या दिवशी राज्यात शोकदिन पाळण्याचे आवाहन केले. २६ ऑक्टोबर १९७० च्या रात्री अटलांट्याच्या सिटी ऑडिटोरियममध्ये अली जेरी क्वेरीसमोर उभे राहिले. क्वेरीच्या डोळ्यावरची जखम एवढी खोल होती की तिसऱ्या फेरीनंतर लढत थांबवावी लागली.